चार पाळण्यांची फाइल

आमच्या शाखेत कुठलाही कागद फेकून देता येत नाही. त्याला नियम आहे, नियमाला परिशिष्ट आहे आणि परिशिष्टाला दुरुस्ती आहे. किस्से मात्र फेकून द्यायला कुणाची मंजुरी लागत नाही, आणि नेमके तेच आमच्याने टाकवत नाहीत. कपाटं कधीच भरली. आता जे काही साठतंय ते आमच्या डोक्यात.

मी बेलापूरला एका सरकारी महामंडळाच्या खरेदी शाखेत लिपिक आहे. खरेदी शाखा म्हटलं की नातेवाइकांचे डोळे चमकतात. त्यांना कसं सांगू, की आमच्याकडे खरेदी क्वचितच होते. ती का करता येत नाही, याचं काम रोज होतं.

शाखेत आम्ही चौघं. घाडगे साहेब शाखाप्रमुख, मूळचे वाईकडचे. शबाना मुकादम वरिष्ठ लिपिक, उरणची, नियमपुस्तक तोंडपाठ. म्हात्रेकाका भांडारपाल, अस्सल कोपरखैरणे गावातले. त्यांच्या आजोबांच्या शेतावर आज तीन सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत मी भाड्याने राहते. चौथी मी, सायली. वरच्या मजल्यावर लेखा शाखेत देवस्थळी बाई बसतात. त्यांच्या सहीशिवाय या इमारतीत टाचणीसुद्धा येत नाही.

*

मी रुजू झाले त्याच सुमाराचा हा घड्याळांचा किस्सा.

आमच्याकडे एक मोठा नियम आहे: खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत. मोठी खरेदी छोट्या छोट्या भागांत करून निविदा चुकवायची, ही जुनी चलाखी, तिला आळा घालायला केलेला. नियम चांगलाच आहे. पण ऑफिसात भिंतीवरची घड्याळं चौदा, आणि त्यांचे सेल काही संघटित नाहीत. आज आस्थापना शाखेचं बंद पडलं, पुढच्या मंगळवारी आवक-जावकचं. दर वेळी एकेक सेल आणला तर तुकडे पाडल्याचा आक्षेप येणार. साहेबांनी शेरा मारला, "सर्व घड्याळे बंद पडल्यावर एकत्रित प्रस्ताव सादर करावा."

आम्ही वाट बघत बसलो. दीड महिन्यात तेरा घड्याळं थांबली. सगळं ऑफिस म्हात्रेकाकांच्या मनगटावर चालत होतं. चौदावं, देवस्थळी बाईंच्या डोक्यावरचं, काही केल्या थांबेना. जाता-येता लोक लेखा शाखेत डोकावायचे, आजारी माणसाची चौकशी करावी तसे.

एका दुपारी काका जिना उतरून आले आणि म्हणाले, "साहेब, वरचा घड्यालपन बंद परला. करा आता कागद."

प्रस्ताव गेला, सेल आले, ऑफिसला पुन्हा वेळ आली. महिनाअखेर बाईंनी भांडाराची नोंदवही तपासायला मागवली. त्यात काकांच्या अक्षरात एक ओळ होती: "सेल, जुना, एक. चालू स्थितीत. लेखा शाखेतून काढून जमा."

*

बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा टेबलावर एकच फाइल माझी वाट बघत होती. महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर. खोली मिळाली होती, मुलं सांभाळायला बचत गटातल्या दोन मावश्या ठरल्या होत्या. नव्हते ते फक्त पाळणे. पाळण्यांशिवाय खोली 'सुसज्ज' ठरत नव्हती, आणि सुसज्ज ठरल्याशिवाय उघडता येत नव्हती.

माझी रेवा तेव्हा सहा महिन्यांची. तिला सासूबाई, म्हणजे आई, सांभाळत होत्या. पण नणंदेला दिवस गेले होते, आणि गणपती झाले की आई तिच्याकडे चिपळूणला जाणार हे ठरलेलं होतं. माझी स्वतःची आई लातूरला, तिच्या गुडघ्यांना आमचे तीन मजले झेपत नाहीत. अमेय, माझा नवरा, ऐरोलीच्या कंपनीत; तिथे सुट्टी मागितली की मीटिंग लावतात. थोडक्यात, गणपतीच्या आत पाळणाघर उघडलं तर माझी नोकरी चालू राहणार होती. नाही तर बिनपगारी रजा, आणि ती मंजूर होईल याची खात्री खुद्द आस्थापना शाखेलाही नव्हती.

आता ज्या फाइलवर आपलं घर टांगलेलं, तीच आपल्या टेबलावर. मला काही स्वस्थ बसवेना. नियमात स्पष्ट आहे, खरेदीत ज्याचा वैयक्तिक हितसंबंध असेल त्याने तो आधीच जाहीर करावा. दोन दिवस विचार करून मी टिपणीच्या शेवटी लिहिलं, "प्रस्तुत कर्मचाऱ्यास सहा महिन्यांची मुलगी असून तिला प्रस्तावित पाळण्याचा लाभ होण्याची शक्यता आहे, ही बाब निदर्शनास आणण्यात येत आहे."

घाडगे साहेब बारशाला सहकुटुंब आले होते. फाइल खाली आली तेव्हा समासात हिरव्या शाईत लिहिलेलं होतं, "पाहिली आहे. गोड आहे. प्रस्ताव पुढे पाठवावा."

फाइल वर गेली. देवस्थळी बाईंनी 'गोड आहे' याच्याखाली लाल रेघ ओढून विचारलं होतं, "आधार काय?"

*

मग आला तांत्रिक तपशील. म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी, त्याचं वर्णन. पाळण्याचा तपशील आमच्या इतिहासात कुणी लिहिलेला नव्हता. मी अधिकाऱ्यांच्या खुर्चीचा जुना तपशील उघडला आणि 'खुर्ची' असेल तिथे 'पाळणा' केलं. हे काम घरी केलं, रेवाला मांडीवर घेऊन, एका हाताने. कारण सांगत नाहीये, नुसती परिस्थिती सांगतेय.

साहेबांनी वाचला, बाईंनी वाचला, तपशील निविदेसह पोर्टलवर चढला. चार दिवसांनी भिवंडीच्या एका पुरवठादाराची शंका आली. "पाळणा ३६० अंशांत फिरणारा असावा, असे नमूद आहे. बाळास गोल फिरवायचे आहे काय? तसेच पाच चाके, दोन हात आणि मानेस टेकू कोणत्या बाजूस हवा, हे कळवावे."

मला वाटलं, गेली नोकरी. (मला हे दिवसातून साधारण दोनदा वाटतं.) साहेबांनी निविदा रद्द केली, कारण लिहिलं 'पाळण्याबाबत फेरविचार'. शबाना माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि तो पुरवठादार किती चांगला माणूस आहे ते सांगत बसली. दुसरा कुणी असता तर त्याने गुपचूप पुरवठा केला असता, म्हणाली.

त्याच आठवड्यात रेवा रांगायला लागली. फाइल अजून बसतही नव्हती.

*

गणपतीला अडीच महिने उरले आणि शबानाने वाट काढली. काही सरकारी संस्थांकडून निविदा न काढता थेट वस्तू घेता येतात, तशी सूट आहे. त्यांच्या यादीत कारागृहातला सुतारकामाचा कारखाना होता. लाकडी काम तिथे उत्तम होतं. घाडगे साहेबांची खुर्ची तिथलीच, बारा वर्षं कुरकुरलेली नाही.

पण साहेबांना निविदेशिवाय खरेदी म्हणजे पामबीच रोडवर हेल्मेटशिवाय स्कूटर. सूट आहे हे त्यांना मान्य होतं, शबानाने कलमावर बोट ठेवून दाखवलं होतं. तरी सही करताना हात सवयीने पुढे गेला आणि पत्राखाली लिहून गेला, "तीन दरपत्रके पाठवावीत."

शबाना म्हणाली, साहेब, तिथे कारखाना एकच आहे, तीन दरपत्रकं कुठून आणतील? साहेब म्हणाले, ते त्यांचं ते बघतील.

त्यांनी बघितलं. दहा दिवसांनी तीन लखोटे आले. तीन वेगळे दर, तीन वेगळे जावक क्रमांक, तिन्हींवर सही एकाच अधीक्षकांची. सोबत पत्र होतं: "आपल्या मागणीनुसार तीन दरपत्रके जोडली आहेत. तिन्हींत सर्वांत कमी दर आमचाच आहे."

पाळण्यांची ऑर्डर गेली. घरी मी आईंना हे जरा भीतभीतच सांगितलं. आपल्या नातीसाठी कैद्यांनी केलेला पाळणा, त्यांना काय वाटेल कोण जाणे. त्या भाजी निवडत होत्या.

"निदान वेळेवर देतील," त्या म्हणाल्या. "त्यांना अर्धवट टाकून चिपळूणला नाही जायचंय."

*

पाळण्यांमागोमाग पडदे. खोली पश्चिमेची, दुपारी उन्हाने भाजून निघायची. मी सूट असलेल्या संस्थांची यादी काढली, पडद्यांसमोर बोट फिरवलं आणि थबकले. तिथे आमच्याच महामंडळाचं नाव होतं.

फार पूर्वी आमचा एक विभाग हातमागाचे पडदे विकायचा. विभागात आता एक कपाट आणि एक पाटी उरलीय. पण देवस्थळी बाईंचं म्हणणं, यादीत नाव आहे ना, मग आधी तिथे मागणी करा. पडदे नसतील तर तसं प्रमाणपत्र घ्या, मगच बाहेर जा. त्या विभागाचा अतिरिक्त कार्यभार होता घाडगे साहेबांकडे. तेव्हा साहेबांनी खरेदी शाखेचे प्रमुख म्हणून त्या विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे स्वतःला, रीतसर पत्र लिहिलं.

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पत्र साहेबांच्याच ट्रेमध्ये तळाशी गेलं होतं. पंधरा दिवसांनंतर स्मरणपत्र काढायचं, ही पद्धत. ठरलेला मजकूर मी टाइप केला: कळवूनही आपण प्रतिसाद दिलेला नाही, ही बाब गंभीर आहे, सात दिवसांत खुलासा न आल्यास आपल्याविरुद्ध वरिष्ठांकडे अहवाल पाठवण्यात येईल. साहेबांनी गठ्ठ्यात सही केली.

दुसऱ्या दिवशी टपाल वाटलं गेलं आणि साहेब तेच पत्र हातात घेऊन केबिनच्या बाहेर आले. चिडले की त्यांची भाषा थेट गावाला पोचते. "ह्यो मानूस कोन हाय? आमाला असं लिवतोय?"

शबानाने खालच्या सहीवर बोट ठेवलं.

साहेबांनी चष्मा वर केला, सही नीट पाहिली आणि एकदम शांत झाले. म्हणाले, "मग बरोबर आहे. हा माणूस उगाच लिहिणाऱ्यातला नाही." आणि त्याच दिवशी खुलासा दिला.

*

पडद्यांचं मार्गी लागलं, पण पाळण्यांची तारीख दोनदा पुढे गेली होती. मी धीर सोडला आणि कोपरखैरण्यातली खासगी पाळणाघरं बघायला सुरुवात केली. किती? तीन. माणूस कुठे नोकरी करतो ते लपत नाही.

रविवारी सकाळी मी तुलनात्मक तक्ता करून फ्रिजवर लावला. रकाने: अंतर, खिडक्या, मुलं किती, शेरा. पहिल्यासमोर लिहिलं होतं 'बाई मुलांआधी झोपतात'. दुसऱ्यासमोर, 'टीव्ही मोठा, खिडकी लहान'. तिसरं सगळ्यात बसत होतं, पण तिथे जागा दिवाळीनंतर. अमेयने फ्रिजमधून दूध काढता काढता तक्ता वाचला आणि विचारलं, की आपलं लग्न ठरवताना इतर दोन दरपत्रकं कुणाची होती.

आईंनीही वाचला. म्हणाल्या, यात मी कुठे आहे?

मी म्हटलं, आई, तुम्ही तक्त्यात नाही. तुमची तुलना कशी करणार?

जेवताना त्या म्हणाल्या, मी तिकीट पुढे ढकलते, महिनाभर. मला इतकं हलकं वाटलं की हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. डॉक्टरांनी तिला पूर्ण झोपून राहायला सांगितलं होतं आणि ती रडत होती. आईंनी फोन माझ्या हातात दिला. मी तिला सांगितलं, आई ठरल्या दिवशी येतायत. इकडची सगळी सोय झालेली आहे.

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून मी पहिल्यांदाच इतक्या सहज खोटं विधान केलं.

*

गणपती झाले. रविवारी आई चिपळूणला गेल्या. सोमवारी सकाळी मी रेवाला कडेवर घेऊन ऑफिसात आले, कारण दुसरं काही सुचलंच नाही. पाळणे शुक्रवारी पोचले होते. चार, सागवानी, आणि प्रत्येकाच्या कठड्यावर कोरलेली चिमण्यांची रांग. ही आम्ही मागितलेली नव्हती. स्वीकृती समिती म्हणजे घाडगे साहेब, देवस्थळी बाई आणि म्हात्रेकाका. तिघं पाळण्याभोवती उभे होते आणि बाई विचारत होत्या, चिमण्या कुठल्या बाबीखाली दाखवायच्या. काका म्हणाले, त्या फुकट हायत, बाई.

चिमण्या सुटल्या. मग बाईंनी स्वीकृतीचा छापील नमुना वाचायला घेतला. तो सगळ्या वस्तूंना एकच आहे, पंख्यापासून झेरॉक्स मशिनपर्यंत, आणि आजवर तो कुणी वाचलेला नव्हता. त्यात चौथी ओळ: 'स्वीकृतीपूर्वी वस्तू वापरात आणलेली नाही.' आणि पाचवी: 'प्रत्यक्ष वापर करून चाचणी घेतली आहे.' दोन्हींसमोर 'होय' लिहिल्याशिवाय स्वीकृती नाही, आणि स्वीकृतीशिवाय खोली उघडणार नाही.

साहेब म्हणाले, मुंबईला मुख्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवू. मला ठाऊक होतं मुंबईहून मार्गदर्शन यायला किती लागतं. मागच्या एकाचं उत्तर आलं तेव्हा विचारणारे निवृत्त झाले होते. मी मनातल्या मनात रजेचा अर्ज लिहायला घेतला.

काकांनी भांडारातून कागदाची चार रिमं आणून पाळण्यात ठेवली आणि झोका दिला. काही तुटलं नाही, काही कुरकुरलं नाही. काकांनी समितीकडे पाहिलं.

"रिमं रडत नाहीत," बाई म्हणाल्या.

रडण्याचं काम माझ्या खांद्यावर चालू होतं. नवी जागा, नवे चेहरे, आजी नाही. रेवाने असा सूर लावला होता की समितीला एकमेकांचं ऐकू येईना. मी सॉरी सॉरी म्हणत दाराकडे निघाले, तर काका आडवे आले. "दे इकरं पोरीला," म्हणाले. रिमं काढून खाली ठेवली, रेवाला पाळण्यात ठेवलं आणि झोका द्यायला लागले. ती आणखी जोरात रडली. मग थोडी कमी. मग तिने हात लांबवून एक चिमणी धरली. पाच-सात मिनिटांनी खोलीत फक्त दोरीचा आवाज उरला.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, हा वापर झाला. चौथ्या ओळीचा भंग."

मी तिला उचलायला वाकले. बाईंनी माझ्या दंडाला धरून मला थांबवलं.

"वापर नाही, साहेब," त्या कुजबुजल्या. "चाचणी चालू आहे."

साहेबांनी चाचणी संपणार केव्हा, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, ते आत्ता सांगता येणार नाही, मध्येच थांबवली तर निष्कर्ष चुकेल. मग शबानाला बोलावून सांगितलं, की वस्तू चार आहेत आणि चाचणी एकीचीच झालीय, तेव्हा लहान मुलं असलेल्या बाकीच्यांनाही उद्यापासून आपापला नमुना घेऊन यायला सांगा. दोन्ही मावश्यांनाही बोलवा, चाचणीला देखरेख लागते. काका थकलेले दिसले म्हणून त्यांच्या हातातून दोरी स्वतःकडे घेतली, स्टूल ओढलं आणि दुसऱ्या हाताने मांडीवरचा कागद भरत बसल्या.

कागद माझ्याकडे आला तेव्हा सगळे रकाने भरलेले होते. नमुना क्रमांक एक, वय अकरा महिने, स्थिती समाधानकारक. आणि सर्वांत खाली, 'चाचणीचा कालावधी' यासमोर, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात:

"नमुना क्रमांक एक शाळेत दाखल होईपर्यंत."